भागाकार थांबणार की फिरत राहणार? बाकीकडे बघा

नमस्कार! आज एकच भागाकार करायचाय, पण पेन हातात घेऊन, माझ्याबरोबर. एक छेद सात.

(वही कॅमेऱ्यासमोर)

एकाला सातने भाग जात नाही. दशांश चिन्ह दिलं, शून्य घेतलं, झाले १०. सात एके सात, बाकी ३. आता ३०, सात चोक अठ्ठावीस, बाकी २. मग २०, सात दुणे चौदा, बाकी ६. मग ६०, सात आठे छप्पन्न, बाकी ४. मग ४०, सात पंचे पस्तीस, बाकी ५. मग ५०, सात सत्ते एकोणपन्नास, बाकी… १.

थांबा. सुरुवात कुठून केली होती आपण? एकापासूनच ना? म्हणजे इथून पुढे सगळं पुन्हा तसंच येणार. ०.१४२८५७, पुन्हा १४२८५७, पुन्हा तेच.

सगळ्यांची नजर वरच्या अंकांवर असते. माझं सांगणं आहे, खाली बाकी बघा. सातने भागताना बाकी उरून उरून किती उरेल? १ ते ६. शून्य आली तर भागाकार संपला. नाही आली, तर कधीतरी जुनी बाकी परत येणारच, दुसरी आणणार कुठून? छेद सात असो की सातशे, परिमेय संख्येची, म्हणजे पूर्णांक छेद पूर्णांक अशा संख्येची, यातून सुटका नाही. किती सुंदर आहे हे!

मग बाकी शून्य कधी येते? ७/४० घ्या. ४० म्हणजे २×२×२×५. अंश-छेदाला २५ ने गुणलं की १७५/१०००, म्हणजे ०.१७५. दहा, शंभर, हजार हे सगळे फक्त २ आणि ५ चे बनलेले. छेदातही हे दोनच मूळ अवयव असतील, तर दशांश रूप खंडित, म्हणजे कुठेतरी संपणारं. नाहीतर अखंड आवर्ती, म्हणजे तेच अंक पुन्हा पुन्हा येणारं.

पण आधी संक्षिप्त रूप द्या हं! ६/१५ मध्ये ३ दिसला की मुलं लगेच ‘आवर्ती’ लिहितात. ते आहे २/५, म्हणजे ०.४.

आणि २२/७? ३.१४२८५७… आपलीच ओळखीची साखळी. म्हणून ती परिमेय. पाय (π) मात्र अपरिमेय आहे, म्हणजे पूर्णांक छेद पूर्णांक असं मांडताच येत नाही. गणितज्ञ लॅम्बर्टने १७६१ मध्ये ते सिद्ध केलं. तेव्हा २२/७ ही पायची फक्त जवळची किंमत.

आता तुम्ही १/१३ करा. बाक्या बारा येऊ शकतात. समासात एकेक लिहीत जा आणि खरंच किती आल्या, ते कमेंटमध्ये सांगा.