घरात कुठली भाषा बोलायची?

नमस्कार श्रोतेहो. मी मुलांची मानसशास्त्रज्ञ. खानापूर, निपाणीकडून, बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून आईबाप मुलांना घेऊन येतात. मूल स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम आहे असं कळलं की त्यातले बरेच जण आधी विचारतात, "मॅडम, आता घरात मराठी बंद करू काय?"

प्रश्न आपल्या भागाचाच. घरी मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी, मोबाईलवर हिंदी कार्टून. साडेतीन वर्षांचं पोर बोलेना, की खापर भाषांच्या गर्दीवर फुटतं. एका घराला शाळेनंच सांगितलं, मुलाशी फक्त इंग्रजी बोला. आईचं इंग्रजी बेताचं. चार पाठ केलेली वाक्यं बोलायची, मग गप्प. आजीनं तर नातवाशी बोलणंच सोडलं.

दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. मेंदूची घडणच मुळात वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. 1943 मध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी अशा अकरा मुलांचं वर्णन केलं. पुढे बरीच वर्षं आयांच्या थंडपणाला दोष दिला गेला. ते मत शास्त्रानं केव्हाच टाकून दिलं. आपल्याकडच्या सासवा-नणंदांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे!

वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं बोट दाखवून काही मागत नसेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग आमच्याकडे या. "बापही उशिराच बोलला होता" यात वर्षं जातात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमही आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढायला लाजू नका.

तर शाळेनं ज्याच्याशी फक्त इंग्रजी बोलायला सांगितलं होतं, तो मुलगा. मध्येच म्हणायचा, "रैट, रैट." आईला वाटे, उगीच बडबड. मी दोन-तीन भेटींत नुसती बघत बसले. खेळ नकोसा झाला, खोलीत गलका वाढला, की "रैट." हे लोक दर आठवड्याला खानापूरच्या बसनं येतात आणि कंडक्टर "रैट" म्हणाला की बस हलते. पोरगं सांगत होतं, चला इथून. ऐकलेले बोल जसेच्या तसे म्हणणं हेही बोलणंच असतं. आता ते "रैट" म्हणालं की आई म्हणते, "जायचं? चल, जाऊया," आणि खरंच उठते.

आजीलाही पुन्हा बोलायला लावलं. ती भाकरी थापताना "थाप, थाप" म्हणते आणि मध्येच थांबते. पहिले काही दिवस काहीच नाही. मग एकदा त्यानं तिचा हात धरून परातीवर ठेवला.

गेल्या महिन्यात आई जरा घाबरूनच सांगत होती, "मॅडम, काल पाणी मागितलं त्यानं, पण 'नीरू' म्हणाला. शेजारच्या कन्नड अक्कांकडनं उचललंय. 'पाणी' म्हणायला लावू काय?"

मी म्हटलं, आधी तांब्या द्या त्याच्या हातात.