सोबत आणि सवड : कथाप्रधान ऑनलाइन खेळ आणि त्यांचे दोन प्रकारचे खेळाडू

मित्रहो, जो खेळ इंटरनेटशिवाय सुरूच होत नाही, ज्यासाठी महिन्याची वर्गणी भरावी लागते आणि ज्याच्या प्रत्येक गावात शेकडो अनोळखी माणसे येत-जात असतात, तो खेळ एखादा माणूस महिनोन् महिने एकट्यानेच खेळत असेल, तर त्याचे काही चुकते आहे का? हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी नाराजी असते. गट जमवून खेळणारे म्हणतात, की एकट्याने खेळायला शेकडो खेळ उपलब्ध असताना या मंडळींनी आमच्या खेळात येऊन तो सोपा का करून घ्यावा? एकट्याने खेळणारे म्हणतात, की आम्ही गोष्टीसाठी आलो आहोत आणि गोष्टीचा पुढचा भाग पाहायला सात अनोळखी माणसांची मनधरणी का करावी? दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते. मात्र हे भांडण माणसांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या गतीचे आहे असे माझे मत आहे, आणि आज मी तेच मांडणार आहे.

ऑनलाइन भूमिकाखेळांचा, म्हणजे ज्यात खेळाडू एखादे पात्र होऊन वावरतो अशा खेळांचा, उगम सामूहिक आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ज्या ‘मड’ची सुरुवात केली, त्यात पडद्यावर फक्त अक्षरे होती, पण एकाच वेळी अनेक माणसे एका काल्पनिक जगात वावरू शकत होती. तिथे गोष्ट अशी नव्हतीच. माणसे एकत्र आली की जे घडेल तीच गोष्ट. दुसरीकडे, संगणकावर एकट्याने खेळायच्या भूमिकाखेळांनी कथा सांगण्याची आपली वेगळी परंपरा घडवली. त्यात संवाद, निवडी, सोबती पात्रे, विश्वासघात, शेवट हे सगळे होते आणि हे सगळे एका खेळाडूभोवती फिरत होते. पुढे या दोन परंपरा एका घरात आणायच्या ठरल्या, तेव्हा अडचणी सुरू झाल्या.

या प्रयोगाचे सर्वांत धाडसी उदाहरण म्हणजे बायोवेअर कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये आणलेला ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ हा खेळ. त्यात आठ प्रकारची पात्रे होती, प्रत्येकाची स्वतंत्र कथा होती आणि प्रत्येक संवाद अभिनेत्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला होता. गटाने खेळताना संवादाचे काय करायचे, या प्रश्नाला त्यांनी शोधलेले उत्तर मला आजही विलक्षण वाटते. ‘ब्लॅक टॅलन’ नावाच्या सुरुवातीच्याच मोहिमेत एका जहाजाचा कप्तान वरिष्ठांचा आत्मघातकी हुकूम पाळायला तयार नसतो आणि त्याला मारायचे की जिवंत ठेवायचे हे खेळाडूंनी ठरवायचे असते. चार जण असतील तर चौघेही आपापले उत्तर निवडतात, मग पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एकेक आकडा पडतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे पात्र बोलते. तुम्ही कप्तानाला वाचवायचे ठरवलेले असते, पण शेजारच्या माणसाचा आकडा मोठा येतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत कप्तान मारला जातो. तुमच्या पात्राच्या नैतिक खात्यात मात्र तुम्ही स्वतः केलेली निवडच जमा होते. गोष्ट एकाची न राहता चौघांची झाली आणि तरीही प्रत्येकाचा हेतू त्याच्यापाशी राहिला, हे साधणे सोपे नव्हते.

पण ही मौज पहिल्या फेरीपुरती टिकते. त्याच मोहिमेला दहाव्यांदा आलेल्या माणसाला कप्तानाचे काय होते याच्याशी कर्तव्य नसते. तो संवाद वगळतो आणि नवीन माणूस अजून ऐकत असल्यामुळे त्याला थांबावे लागते. मग तो घाई करतो, नवीन माणूस ओशाळून संवाद सोडून देतो, आणि ज्या गोष्टीवर एवढा खर्च झाला तिचे एक वाक्यही त्याच्या कानी पडत नाही. यात वाईट कोणीच नाही. गोष्ट ऐकणाऱ्याला सवड लागते आणि काम उरकणाऱ्याला वेग लागतो, इतकेच.

पुढे या खेळाने बाजू निवडली. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’ या विस्तारात, म्हणजे मूळ खेळाला जोडलेल्या नव्या भागात, प्रकरणांमध्ये मांडलेली, जवळजवळ पूर्णपणे एकट्याने खेळायची कथा आली. कथाप्रेमी सुखावले. पण रेडचे, म्हणजे मोठ्या गटाने खेळायच्या अवघड लढायांचे, चाहते २०१४ च्या अखेरीपासून २०१७ पर्यंत नव्या रेडची वाट पाहत राहिले. वर्षानुवर्षे दर आठवड्याला एका ठरलेल्या संध्याकाळी जमणारा गट इतका काळ जुन्याच लढायांवर तग धरत नाही. गट फुटले आणि फुटलेला गट पुन्हा बांधणे किती कठीण असते हे ज्याने तो बांधला आहे त्यालाच ठाऊक. म्हणून एकट्याची सोय करणे मला चूक वाटत नाही. ती करताना दुसऱ्याचे ताट उचलले गेले, ही चूक होती.

आता मी ज्या उदाहरणावर थोडा रेंगाळणार आहे ते जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या ‘फायनल फँटसी फोर्टीन’चे. हा खेळ २०१० मध्ये आला तेव्हा सपशेल अपयशी ठरला, नाओकी योशिदा यांच्या नेतृत्वाखाली तो पाडून पुन्हा बांधण्यात आला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रेल्म रिबॉर्न’ या नावाने परत आला. यात एकच मुख्य कथानक आहे, सर्वांना ते त्याच क्रमाने पार करावे लागते आणि वाटेतली ठरावीक डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेली बंदिस्त ठिकाणे, पूर्वी गटानेच पार करावी लागत. या पहिल्या पर्वाचा शेवट ‘प्रेटोरियम’ नावाच्या आठ जणांच्या डंजनमध्ये होत असे. शत्रूच्या किल्ल्यात शिरायचे, एकामागून एक सेनापतींना सामोरे जायचे आणि त्यांच्याशी प्रदीर्घ वादसंवाद, अशी त्याची रचना होती. नवा खेळाडू कित्येक तास खर्चून या क्षणापर्यंत पोहोचलेला असे. त्याच्याबरोबरचे सात जण मात्र रोजचे बक्षीस घ्यायला आलेले असत. तो कटसीन, म्हणजे मध्येच चित्रपटासारखी चालणारी कथेची दृश्ये, पाहू लागे, ते ती वगळून पुढे पळत, आणि तो बाहेर येई तेव्हा ज्या खलनायकाची धमकी त्याने नुकतीच ऐकली होती तो खलनायक मरून पडलेला असे. जुने जाणकार नवख्यांना सल्ला देत, की आत्ता कटसीन वगळा आणि नंतर सरायीतल्या खोलीत जाऊन तिथल्या वहीत ती निवांत पाहा. स्वतःच्या विजयाची हकिगत नंतर एकट्याने खोलीत बसून पाहायची, ही सोय होती खरी, पण समाधान नव्हते.

जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने कटसीन वगळण्याची मुभाच काढून घेतली. नवख्यांना न्याय मिळाला आणि जुन्यांना शिक्षा झाली. आता सात जण तीच तीच भाषणे रोज ऐकत, म्हणजे खरे तर ऐकत नसत, चहा टाकायला उठत, आणि त्या बसून राहण्याची भरपाई भरघोस अनुभवगुणांनी केली जाई. शेवटी एप्रिल २०२२ मधल्या ६.१ या सुधारित आवृत्तीत मुळालाच हात घातला गेला. प्रेटोरियम चार जणांचे झाले आणि शेवटचा सामना वेगळा काढला गेला. केप वेस्टविंड ही एके काळी आठ जणांची असलेली आणि अनुभवी गट काही क्षणांत संपवत असलेली लढाई एकट्याने लढायची झाली. त्याच आवृत्तीत ‘ड्यूटी सपोर्ट’ आले, म्हणजे मुख्य कथानकातल्या डंजनमध्ये माणसांऐवजी खेळातली पात्रे बरोबर घेण्याची सोय. तिचा आरंभ २०१९ च्या ‘शॅडोब्रिंगर्स’ विस्तारात झालाच होता, पण आता ती मागच्या सगळ्या कथानकाला टप्प्याटप्प्याने लागू झाली.

ही पात्रे माणसांपेक्षा सावकाश लढतात, पण ती थांबतात. तुम्ही एखाद्या भिंतीवरचे चित्र पाहत उभे राहिलात, तर तीही उभी राहतात. शत्रूचा मोठा वार येणार असला की ती योग्य जागी सरकतात, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून नवा माणूस लढाईची रीत शिकतो आणि मग माणसांच्या गटात जाताना त्याला धाकधूक कमी वाटते. भारतातून खेळणाऱ्यांना याचे मोल अधिक आहे, कारण या खेळाचे सर्व्हर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडे आहेत, जवळचे कोणतेच नाहीत. जाळे अडखळले आणि आपल्यामुळे परक्या देशातली सात माणसे हरली, ही भावना किती बोचते हे मी स्वतः अनुभवले आहे. मी हीलर, म्हणजे गटातल्या जखमींना बरे करणारा, होतो. पडदा दोन सेकंद गोठला आणि सुटला तेव्हा अख्खा गट जमिनीवर होता. कोणी एक शब्द बोलले नाही, तरीही त्यानंतरचे कित्येक दिवस मी माणसांबरोबर खेळायला धजावलो नाही.

आणि तरीही त्या दिवसांत मी खेळ सोडून एखाद्या निव्वळ एकट्याच्या खेळाकडे गेलो नाही. का गेलो नाही, याचे उत्तर मला आपल्याच भाषेत सापडले. आपण ‘सोबतीला येणे’ म्हणतो. घरी एकटे असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे शेजारचा मुलगा रात्री सोबतीला झोपायला जातो. तो काही काम करत नाही, फारसे बोलतही नाही, पण घरात कोणीतरी आहे एवढे पुरते. मदत वेगळी, सहकार्य वेगळे आणि सोबत वेगळी. ऑनलाइन जगात एकट्याने खेळणाऱ्याला बहुधा ही तिसरी गोष्ट हवी असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंचे निरीक्षण करून २००६ मध्ये निकोलस डुशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या निबंधाचा सूरही असाच होता. खेळाडू पुष्कळसा वेळ गटाबाहेर घालवतात आणि तरी भोवतालची माणसे त्यांना प्रेक्षक म्हणून, देखावा म्हणून, नुसती वर्दळ म्हणून हवी असतात. मे २०२१ मध्ये, काळ्या चिलखतातल्या योद्ध्याची ‘बर्सर्क’ ही चित्रकथा रचणारे जपानी चित्रकार केंतारो मिउरा यांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा ‘फायनल फँटसी फोर्टीन’मधले खेळाडू तशाच योद्ध्यांच्या वेशात शहरांच्या रस्त्यांवर दुतर्फा रांगा लावून उभे राहिले. त्यात एकट्याने खेळणारे किती आणि गटवाले किती हे कोण सांगणार? त्या रांगेत उभे राहायला कुठल्याही गटाचे असावे लागत नव्हते.

अर्थात गटाच्या चाहत्याचे समाधान सोबतीने होत नाही. त्याला सहकार्यच हवे असते, आणि त्यासाठी जुन्या रस्त्यांवर माणसे टिकवावी लागतात. बहुतेक ऑनलाइन खेळांत कालांतराने सगळे वरच्या लेव्हलला पोहोचतात आणि खालची डंजन ओस पडतात. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये त्यावर ‘रूलेट’ नावाची युक्ती कामी येते. अनुभवी खेळाडू रोज चिठ्ठी टाकतो, त्याला कुठले तरी जुने डंजन मिळते, त्याची ताकद त्या डंजनाच्या पातळीला उतरवली जाते आणि गटात पहिल्यांदा आलेले कोणी असेल तर सर्वांना जादा बक्षीस मिळते. नवख्याचे येणे हे ओझे न होता लाभ होते आणि कुणीतरी ‘पहिल्यांदाच आलोय’ म्हटले की बाकीचे त्याला सांभाळून घेतात. स्वभाव बदलायला न सांगता वागणे बदलणारी ही रचना मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या खेळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘वन टॅम्रिएल’ ही सुधारित आवृत्ती आणून खेळाडूची पातळी साऱ्या जगाशी जुळवून घेतली, तीही याच जातीची सुधारणा.

एका ठिकाणी मात्र कथा आणि गट खरोखर एकरूप झालेले मी पाहिले. ‘शॅडोब्रिंगर्स’च्या अखेरच्या लढाईआधी नायक एकटा पडलेला असतो आणि त्याच्यासाठी दुसऱ्या जगांतल्या वीरांना हाक घातली जाते. प्रकाशाच्या सात आकृती उमटतात, आणि लढाई सुरू होते तेव्हा कळते की त्या सात आकृती म्हणजे आपल्याबरोबर आत आलेले सात खरे खेळाडू आहेत. एरवी या खेळांचा जुना दोष असा, की कथा तुम्हाला ‘जगातला एकमेव तारणहार’ म्हणते आणि बाजारात तसे हजार तारणहार फिरत असतात. इथे त्या हजारांना कथेतच जागा मिळाली. एकट्याने खेळणाऱ्यालाही त्या क्षणी माणसे अडचण वाटत नाहीत, कारण ती कथेने बोलावलेली असतात.

म्हणून माझे उत्तर असे, की हे खेळ दोघांचेही समाधान करू शकतात, पण एकाच तासात आणि एकाच दालनात नव्हे. मात्र या हिशेबात एक तिसरा खेळाडू राहून जातो, आणि त्याच्याविषयी मला तळमळ आहे. नवरा-बायको असतील, भाऊ-बहीण असतील, एक जण पुण्यात आणि दुसरा टोरांटोत असेल. त्यांना ती गोष्ट एकत्र पाहायची असते. ‘फायनल फँटसी फोर्टीन’च्या कथानकातल्या एकट्याने लढायच्या प्रसंगांपाशी त्या दोघांची ताटातूट होते. एक जण आत जातो, दुसरा दाराशी थांबतो, मग तोच प्रसंग दुसरा आपल्या पडद्यावर पुन्हा खेळतो, आणि दोघे फोनवर एकमेकांना विचारत राहतात, ‘तू कुठपर्यंत आलास?’ ‘ओल्ड रिपब्लिक’ने परवानगी देऊन मित्राला आपल्या कथेत प्रेक्षक म्हणून उभे करण्याची सोय फार पूर्वीच केली होती. तिथला मित्र बोलू शकत नसे, निवड करू शकत नसे, पण तो खोलीत असे. तेवढी सोय आजच्या खेळांनी करावी, एवढी माझी मागणी आहे.