कोंकचे सेंत फ्वा: दरीतले दगडी चर्च

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यात, डोंगरउतारावर वसलेल्या कोंक या लहानशा गावात शिरताना आधी दिसतात ती काळसर दगडी चिपांनी शाकारलेली छपरे, आणि त्यांच्या मधोमध, गावाच्या मानाने फारच मोठे वाटणारे एक चर्च. एवढ्याशा गावात एवढी मोठी वास्तू का उभी राहिली, याचे उत्तर एका चोरीत आहे.

सेंत फ्वा, म्हणजे संत फ्वा, ही आजें शहरातली मुलगी, आणि हे चर्च तिच्याच नावाचे. रोमन राजवटीत, चौथ्या शतकाच्या आरंभी, श्रद्धा सोडण्यास नकार दिल्यामुळे तिला ठार मारण्यात आले, असे परंपरा सांगते. तिच्या अस्थींसाठी कोंकच्या मठातला एक भिक्षू आजेंला गेला, अनेक वर्षे तेथे विश्वासू सेवक म्हणून राहिला आणि इ. स. 866च्या सुमारास संधी साधून अस्थी घेऊन परतला, अशी कथा खुद्द कोंकच्याच मठाने लिहून ठेवली आहे. चोरीचा मामला हळूच बोंबलण्याची रीत या भिक्षूंना ठाऊक नसावी. या अस्थींसाठी लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवलेली सुमारे 85 सेंटिमीटर उंचीची मूर्ती घडवली गेली, आणि भाविकांनी वाहिलेली रत्ने तिच्यावर शतकानुशतके जडवली जात राहिली. अकराव्या शतकाच्या आरंभी अँजेचा विद्वान बर्नार येथे आला, तेव्हा त्याला ही मूर्तिपूजाच वाटली होती. पुढे त्यानेच या संतिणीच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला.

स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू वाटेत कोंकला थांबू लागले, तसे जुने चर्च अपुरे पडू लागले. अकराव्या शतकाच्या मध्याला मठाधिपती ओदोलरिक याच्या काळात नवे बांधकाम सुरू झाले आणि बाराव्या शतकात ते पूर्णत्वाला गेले. या शैलीला आज आपण रोमनेस्क म्हणतो. पण हे नाव एकोणिसाव्या शतकातले आहे, बांधणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. भिक्षूंची प्रार्थना चालू असतानाही यात्रेकरूंना वेदीमागून फिरता यावे, म्हणून पूर्वेकडच्या अर्धवर्तुळाभोवती प्रदक्षिणामार्ग काढला आणि त्याला लागून छोटी देवघरे जोडली. उतारावर जागा मर्यादित असल्यामुळे चर्चची लांबी अवघी 56 मीटर राहिली, म्हणजे तुलूझच्या सें सेर्नां चर्चच्या जेमतेम निम्मी. उंची मात्र 22 मीटर आहे, आणि मधल्या दालनाची रुंदी तिच्या एक तृतीयांशाहूनही कमी. आत उभे राहिले की नजर आपोआप वर जाते, ती या प्रमाणामुळे.

खरे कौशल्य त्या छतात आहे. पिंप उभे चिरून पालथे घालावे, तसे ते सलग दगडी अर्धगोल छत आहे. असे छत केवळ खाली दाबत नाही, ते दोन्ही भिंतींना बाहेरही रेटते. म्हणून गवंड्यांनी बाजूच्या दालनांवर आणखी एक मजला चढवला आणि त्याचे छत पाव वर्तुळाच्या कमानीचे केले. मधल्या छताचा रेटा ही कमान खांद्यावर झेलते आणि बाहेरच्या भिंतीकडे पोचवते. याची किंमत प्रकाशाने मोजली. मधल्या दालनाला छतालगत स्वतःच्या खिडक्या देता आल्या नाहीत, आणि उजेड वरच्या मजल्यावरून गाळून आत येतो.

पश्चिमेच्या दारावर अंतिम न्यायाचे, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त पुण्यवान आणि पापी यांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचे, शिल्प आहे, सुमारे साडेसहा मीटर रुंद आणि 124 आकृत्यांचे. ख्रिस्ताच्या उजव्या हाताला पुण्यवानांची मिरवणूक चालली आहे, आणि तीत सम्राट शार्लमेनला एक मठाधिपती चक्क हाताला धरून नेतो आहे. राजाला वाट दाखवणारे आपण, हे मठाने दगडात कोरूनच घेतले. जवळच सेंत फ्वा वाकून प्रार्थना करते, आणि तिच्या मागे तिने सोडवलेल्या कैद्यांच्या बेड्या टांगलेल्या आहेत. नरकाची बाजू मला अधिक जिवंत वाटते. गळ्यात थैली अडकवलेला कंजूष फासावर लटकतो, घोडेस्वार डोक्यावर आपटतो, आणि शिकाऱ्याला सशाच्या तोंडाचे सैतान विस्तवावर भाजतात. जाळ्यात सापडलेले धर्मगुरूही तिथेच आहेत. कडेच्या कमानीवरून काही चेहरे, दगडी पट्टीची किनार बोटांनी धरून, हा सारा प्रकार चोरून पाहतात.

पुढे यात्रा ओसरली आणि मठाचे वैभव गेले. माझ्या मते या दारिद्र्यानेच चर्चचे भले केले, कारण जुने मोडून नवे बांधायला पैसाच उरला नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत गावकऱ्यांनी मठाचा खजिना घराघरांत लपवला आणि संकट टळल्यावर परत आणून दिला. 1837 साली ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे येथे आले, तेव्हा चर्च मोडकळीला आले होते. त्यांच्या अहवालानंतर दुरुस्तीला वेग आला.

आता उरला तो उजेडाचा प्रश्न. शेजारच्या रोदेझ गावी 1919 साली जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांनी 1994पर्यंत येथील 104 खिडक्यांसाठी नवी काच घडवली. तिच्यात रंग नाही आणि चित्रही नाही. ती पारदर्शक नसल्यामुळे बाहेरचे दृश्य दिसत नाही. प्रकाश तिच्यात पसरतो, आणि सकाळी निळसर वाटणारी खिडकी संध्याकाळी पिवळसर भासते.