किल्ली कोणाकडे?

(दृश्य: वर्कशॉपमधलं टेबल. फोनच्या पडद्यावर एक बोट चॅट वर-वर सरकवतंय. मागे करवतीचा आवाज.)

गेली दहा मिनिटं हे बोट एक आकडा शोधतंय. एका कपाटाची उंची.

गिऱ्हाइकाने ती सांगितली होती, यात वाद नाही. कुठे सांगितली, तेवढंच आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर? इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये? की फेसबुकवरच्या त्या फोटोखाली, जिथे बोलणं सुरू झालं होतं?

सापडलं. पंचेचाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. पहिला अर्धा मिनिट रंगाबद्दल, मग मुठी कशा हव्यात त्याबद्दल आणि शेवटी जाता जाता: "आणि हो मॅडम, आधी सांगितलेली उंची धरू नका, तीन इंच वाढवा."

(करवतीचा आवाज थांबतो.)

फळ्या कापून झाल्या आहेत. आधीच्या मापाने.

(शीर्षक)

चार माणसांचं हे वर्कशॉप. मालकीण, दोन सुतार आणि फोटो-व्हिडिओ टाकणारा एक मुलगा. पूर्वी इथे ऑर्डरची एकच वही होती, खिळ्याला टांगलेली, पेन दोरीने बांधलेलं. अक्षर कुणाचं ते ओळखू यायचं. पान फाटलं तर फाटलेलं दिसायचं. आता ती वही पाच ठिकाणी विखुरली आहे, आणि पाचही ठिकाणं दुसऱ्याच्या घरातली.

सोशल मीडियाने छोट्या धंद्याला काय दिलं, हे सांगायची गरज नाही. समोरच्या माणसाला दार ठोठवावं लागत नाही, तो थेट टेबलावर येऊन बसतो. पण पाच दारांनी पाच माणसं एकदम आत आली, तर कोण काय बोललं हे लक्षात कोण ठेवणार?

(दृश्य: भिंतीवर लावलेला मोठा पडदा. त्यावर साधी शीट.)

यावर मालकिणीने काढलेला तोडगा फार साधा आहे. सगळ्या ठिकाणचं बोलणं तिथेच चालू द्यायचं, पण ठरलेली गोष्ट त्याच क्षणी या शीटवर यायची. गुगल शीट्स आहे, दुसरं काहीही चाललं असतं. नाव, फोन, माप, रंग, आगाऊ रक्कम, द्यायची तारीख. शेवटचा रकाना: माप कधी बदललं. आणि सुतारांनी स्वतःच घातलेला एक नियम: शीटवर नाही, ते कापायचं नाही.

या शीटचा खरा उपयोग भांडणाच्या दिवशी कळतो. कोणत्या चौकटीत कुणी, कधी, काय बदललं हे मागे जाऊन पाहता येतं. जुन्या वहीत खाडाखोड दिसायची, तशीच ही. फक्त इथे खोडणाऱ्याचं नावही दिसतं.

एक खासगी मत नोंदवून पुढे जाऊ. चार माणसांच्या धंद्याला पाच अ‍ॅप्स लागत नाहीत. रंगीत कार्ड इकडून तिकडे ओढायची ती सुंदर अ‍ॅप्स पहिल्या महिन्यात सगळ्यांना आवडतात. दुसऱ्या महिन्यात एकटी मालकीण ती भरत बसते आणि तिसऱ्या महिन्यात फक्त बँकेच्या कार्डातून पैसे कापले जातात. जे साधन सगळ्यात कंटाळलेला माणूसही वापरेल, तेच घ्यावं.

(दृश्य: लॅपटॉप. शीटच्या तळाशी दोन टॅब.)

याच शीटने एकदा घोळही घातला. एका गिऱ्हाइकाने दरपत्रक मागितलं. मुलाने घाईत शीट उघडली, 'लिंक असलेला कोणीही पाहू शकतो' हा पर्याय निवडला आणि लिंक पाठवून दिली. पहिल्या टॅबवर दर होते. दुसऱ्या टॅबवर लाकूड केवढ्याला पडतं, मजुरी किती, उरतं किती, सगळं.

गिऱ्हाईक सभ्य निघालं. त्याने एवढंच लिहिलं: "दर पाहिले. दुसरं पानही पाहिलं. थोडं कमी करता येईल असं दिसतंय."

त्यात कुणी हॅकर आला नव्हता, पासवर्ड फुटला नव्हता. दार आपणच उघडलं होतं. तेव्हापासून बाहेर जाणारं दरपत्रक पीडीएफ होऊन जातं आणि शीट फक्त चार नावांना उघडते. कुणाकुणाला नावाने परवानगी दिलेली आहे ते शेअर करण्याच्या खिडकीत दिसतं. त्या दिवशी पाहिलं तर त्या यादीत कधीच काम सोडून गेलेला एक माणूसही निघाला.

(दृश्य: रिकामी खुर्ची. टेबलावर रिंग लाइट.)

माणसं काम सोडून जातात. त्यात गैर काही नाही. पण धंद्याचं इन्स्टाग्राम त्याच्या ईमेलवर उघडलेलं असेल, फेसबुक पेजचा एकमेव अ‍ॅडमिन तोच असेल आणि लॉगिनचा कोड त्याच्याच फोनवर जात असेल, तर तो एकटा जात नाही. दुकानाची पाटी काखोटीला मारून जातो. बरेचदा वाईट हेतूही नसतो. तो फोन बदलतो, नंबर बदलतो, विसरतो. आणि इकडे आपलाच पत्ता आपल्याला बदलता येत नाही.

फेसबुक पेजला एकापेक्षा जास्त माणसांना पूर्ण अधिकार देता येतात, आणि काहींना फक्त पोस्ट टाकण्यापुरतेही देता येतात. ही सोय वर्षानुवर्षं आहे, पण छोट्या धंद्यात ती वापरलेली क्वचित दिसते. एकच पासवर्ड सगळ्यांना माहीत, तो मालकिणीच्या मुलीच्या नावाचा आणि पुढे वाढदिवस. हा पासवर्ड मुलीच्या वाढदिवसाच्या पोस्टमध्ये सगळ्या जगाने वाचलेला असतो.

इथे आता धंद्याचा वेगळा ईमेल आहे, सगळी खाती त्यावर. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणं, चालू आहे. कोड एसएमएसने येण्यापेक्षा फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधून घेतला तर बरा, कारण फसवून दुसऱ्याच्या नंबरचं सिमकार्ड मिळवणारे लोक असतात. आणि फोनच हरवला तर? गुगल त्यासाठी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर छापायचे आणि कपाटात ठेवायचे. कपाटांची इथे वानवा नाही.

(दृश्य: सर्व पडद्यांवर फिरणारं वर्तुळ. 'लोड होत आहे'.)

४ ऑक्टोबर २०२१. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप, तिन्ही एकदम बंद. सुमारे सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची डेटा सेंटरं, म्हणजे माहिती साठवणाऱ्या यंत्रांच्या इमारती, एकमेकांपासून तुटली, आणि पाठोपाठ त्यांच्याकडे जायचे पत्तेही इंटरनेटवरून गायब झाले. खुद्द कंपनीच्या अभियंत्यांना त्या इमारतींत शिरून यंत्रांपर्यंत पोहोचायला वेळ लागला.

तीन वेगळी दुकानं वाटत होती. मालक एकच होता.

ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर वेगळे लिहिलेले होते, त्यांनी फोन उचलला आणि लावला. बाकीचे वर्तुळ बघत बसले.

सहा तास तसे काहीच नाहीत. व्हाइनवर सहा-सहा सेकंदांचे व्हिडिओ करून लोकांनी नाव कमावलं होतं, ते अ‍ॅप २०१७ च्या जानेवारीत बंद झालं. गुगल प्लस या गुगलच्या सोशल मीडियावरची लोकांसाठीची खाती २०१९ च्या एप्रिलमध्ये गेली. मायस्पेस या जुन्या सोशल साइटने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना तीन वर्षांहून जुने फोटो, व्हिडिओ आणि गाणी गेली असू शकतात. भाड्याचं घर सजवायला हरकत नाही. पण तिजोरी त्याच्या भिंतीत पुरू नये.

आणि घर उभं असलं तरी घरमालक रस्ता वळवू शकतो. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की लोकांना आता घरच्यांच्या, मित्रांच्या पोस्ट जास्त दिसतील, धंद्यांच्या आणि माध्यमांच्या कमी. पेजला लाइक केलेल्या हजार माणसांपैकी पोस्ट किती जणांना दाखवायची, हे आपल्या हातात नसतंच. मग समोर 'बूस्ट' असं बटण येतं: पैसे द्या, जास्त लोकांना दाखवू.

(दृश्य: मुलगा सुताराच्या हातांचा व्हिडिओ काढतोय. रंध्याखालून निघणारी लाकडाची सोलपटं.)

हा व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिला गेला. दुरून, परमुलखांतून, हजारो लोकांनी पाहिला. त्यातून ऑर्डर किती आल्या? एकही नाही. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने बिजागरी सैल झाल्याचा मेसेज टाकला होता आणि त्याला उत्तर गेलं चौथ्या दिवशी, कारण सगळे व्ह्यूज मोजत होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे, ते हे.

व्हिडिओ करू नये असं नाही. ती सोलपटं बघायला कुणाला आवडणार नाही? पण रोज काहीतरी टाकलंच पाहिजे ही सक्ती कुणी केली, ते एकदा विचारावं. आठवड्याला एक नीट फोटो आणि आलेल्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर, एवढ्यावर या वर्कशॉपचं पोट भरतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरं ठेवता येतात, चॅटवर 'नवीन ऑर्डर', 'पैसे बाकी' अशी लेबलं चिकटवता येतात. आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना, पाठवताना एक ध्यानात ठेवायचं: तो मेसेज त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो. म्हणून कपाट बसवून झालं की सुतार निघताना सांगतो, "नंबर सेव्ह करून ठेवा, काही लागलं तर." जाहिरातीचं सगळ्यात स्वस्त वाक्य.

(दृश्य: आकाशातले ढग. मग एका राखाडी इमारतीचं चित्र.)

क्लाऊड म्हणजे ढग. पण आपल्या फाइली ढगात नसतात, त्या जमिनीवरच्या इमारतीत असतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये, स्ट्रासबुर्ग शहरात, ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला मध्यरात्रीनंतर आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. जीवितहानी झाली नाही. पण अनेक वेबसाइट कायमच्या गेल्या, आणि काही ग्राहकांना नंतर कळलं की त्यांची बॅकअप प्रतही त्याच आवारात ठेवलेली होती.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. मागचा शहाणा होतोच असं नाही. "आमचं सगळं ड्राइव्हवर आहे" असं म्हणणाऱ्याला वाटतं, बॅकअप झाला. ते सिंक असतं. सिंक म्हणजे आरसा. लॅपटॉपवरची फाइल चुकून पुसली की ड्राइव्हवरचीही पुसली जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवस थांबते, त्यानंतर कायमची जाते. चूक एकतिसाव्या दिवशी लक्षात आली तर आरशाकडे बघून उपयोग नाही.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक हिशेब आहे: तीन, दोन, एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. या वर्कशॉपच्या भाषेत: एक लॅपटॉपवर, एक क्लाऊडवर आणि एक हार्ड डिस्कवर, जी मालकीण घरी घेऊन जाते.

(दृश्य: शनिवार संध्याकाळ. दिवे एकेक करून बंद. टेबलावर हार्ड डिस्क.)

ती केबल जोडते. ऑर्डरची शीट, गिऱ्हाइकांचे नंबर, कपाटांचे फोटो, सगळं उतरवून घेते. मग, दर महिन्याला एकदाच, डिस्कवरची कुठलीही तीन फोल्डरं निवडते आणि आतल्या फाइली उघडून बघते. प्रत घेतली म्हणजे ती उघडेलच असं कुणी सांगितलंय?

पहिली उघडली. दुसरी उघडली.

तिसरी उघडत नाही.

(ती पर्स खाली ठेवते. बंद केलेला दिवा पुन्हा लावते.)