सलाईनची बाटली वरच का टांगतात? नर्सिंगवाल्यांनो, हे फिजिक्स आहे!

नमस्कार मंडळी. महिनाभर एकच कमेंट फिरून फिरून येतेय: "मॅडम, नीटची प्रवेश परीक्षा झाली, आता तरी फिजिक्स सोडा. आम्हाला पेशंट बघायचेत." एकीने तर लिहिलंय, फिजिक्सच्या त्या ४५ प्रश्नांनी माझी सीट घालवली, नावही काढू नका. अगं, तुझा राग मला कळतो. एका प्रश्नाला एक मिनिट आणि चुकलं की मार्क वजा! अशा धास्तीत शिकलेला विषय आवडणार तरी कसा? पण वॉर्डात गणित सोडवायचं नसतं, समोर काय चाललंय ते ओळखायचं असतं.

दोन-तीन गैरसमज भराभर सांगते. एक्स-रे काढून झाला की खोलीत रेडिएशन साचून राहत नाही. दिवा विझला की उजेड जातो, तसंच. सोनोग्राफीत असतात ते ध्वनितरंग. एमआरआयमध्येही क्ष-किरण नसतात, पण त्याचं चुंबक स्कॅन थांबल्यावरही चालूच असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला, चुंबकाने तो खेचला आणि एका तरुणाचा जीव गेला. हे विसरू नका.

आता सलाईन. दर बॅचला मी विचारते: अर्ध्या लिटरची बाटली आणि एक लिटरची, दोन्हींतली पातळी एकाच उंचीवर. दाब कुठे जास्त? निम्मा वर्ग म्हणतो, मोठीत. नाही! दाब उंचीवर ठरतो, पाणी किती आहे यावर नाही. रो-जी-एच, म्हणजे द्रवाची घनता गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची. स्टेट बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकातला दुसराच धडा.

मलाही ते पाठ होतं. पहिल्या नाइट ड्युटीला एका पेशंटचा भाऊ त्याला बाथरूमला घेऊन निघाला. बाटली धरून हात दुखला म्हणून त्याने ती कमरेशी आणली. नळी लाल झाली. "सिस्टर, रक्त चाललंय!" मी घाबरून सुई काढायलाच निघाले होते. सिनियर ताईंनी काही न बोलता त्या भावाचं मनगट धरलं आणि बाटली डोक्याच्या वर नेली. नळीतला लाल रंग हळूहळू मागे सरकला, नळी पुन्हा पांढरी झाली.

बाटली हाताच्या एक मीटर वर असली की साधारण ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब मिळतो. शिरेतला दाब त्याहून खूप कमी, म्हणून सलाईन आत जातं. बाटली खाली आली की दाबाची दिशाच उलटते.

अजून पटत नाही? तुमच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी आठवा. टाकी एकच, पाणीही तेच, पण तळमजल्यावर नळ जोरात आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर बारीक धार. टाकी अर्धी झाली म्हणून तळमजल्यावरचा जोर काही अर्धा होत नाही. उंची बघा, उंची!

आता बीपी, कारण इथे चूक पेशंटला भोवते. १२० म्हणजे काय? पाऱ्याच्या स्तंभाची १२० मिलिमीटर उंची. पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर हाच स्तंभ दीड मीटरच्या वर जाईल. आकडाच उंचीचा आहे, मग हात कुठे ठेवला याने फरक पडणारच ना? कफ, म्हणजे दंडाला गुंडाळतात तो पट्टा, हृदयाच्या १० सेंटीमीटर खाली राहिला तर रीडिंग साधारण ८ ने वाढतं. १३४ चे १४२ होतात आणि ज्याला गरज नाही त्याच्यामागे गोळी लागू शकते. हे बघून मला खरंच चीड येते. हाताखाली एक उशी ठेवायची असते, बस्स!

घरी मशीन असेल तर आत्ताच करा. पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा. मग तोच हात डोक्याच्या वर धरून मोजा. दोन्ही आकडे कमेंटमध्ये लिहा आणि कफ हृदयाच्या किती सेंटीमीटर वर होता तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करून दाखवते.