पार्सलचं लेबल घरी छापताय? आधी कागदाचं बघा

नमस्कार मंडळी. विषय साधा वाटेल, पण घरून पार्सल पाठवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, लेबल कुठल्या कागदावर छापायचं. बरेच जण पत्ता ठळक दिसतोय ना एवढंच बघतात. पण वाटेत पार्सल जिथे जिथे थांबतं तिथे आधी वाचला जातो बारकोड, आणि तो वाचतो स्कॅनर. त्याला काळी रेघ आणि मधली पांढरी जागा यांतला फरक स्पष्ट दिसला पाहिजे, बस. म्हणून कागद हातात घेतला की माझा प्रश्न एकच असतो, पार्सल पोचेपर्यंत हा फरक टिकेल का?

याचं उत्तर प्रिंटरपासून सुरू होतं. इंकजेटची शाई पातळ, ती कागदात मुरते, आणि कागद हलका असेल तर पसरते पण, मग बारकोडच्या बारीक रेघा एकमेकींना चिकटतात. त्यात रंगीत शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते, पावसाचे चार थेंब पडले की ओघळ आलेच. काळी शाई मात्र बऱ्याच प्रिंटरमध्ये पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची असते, ती पाण्याला सहसा दाद देत नाही, म्हणून इंकजेटवर लेबल काढताना सेटिंगमध्ये जाऊन फक्त काळी शाई निवडता येते का ते बघा. लेझरचं तंत्र वेगळं आहे, टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड, ती उष्णतेने वितळून कागदावर बसते, त्यामुळे ओल लागली तरी अक्षर पसरत नाही.

पण हीच उष्णता स्टिकर पेपरच्या वेळी नडते! इंकजेटसाठी बनवलेली स्टिकर शीट लेझरमध्ये घातली तर तिचं कोटिंग किंवा गोंद गरम होऊन आतल्या रोलरला चिकटू शकतो, आणि मग दुरुस्ती लेबलच्या अख्ख्या गठ्ठ्यापेक्षा महाग पडते. पाकिटावर लेझर, इंकजेट की दोन्ही हे लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. आणि एका शीटवरची दोन लेबलं वापरून उरलेली शीट परत प्रिंटरमध्ये सरकवायची सवय असेल तर ती आजच सोडा, मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेचं लेबल आतच सुटून अडकतं.

महिन्याला मोजकीच पार्सलं जात असतील तर माझं स्पष्ट मत, साधा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) पांढरा मॅट कागद पुरेसा आहे. ग्लॉसी नको, त्यावरून प्रकाश परततो आणि स्कॅनर चुकतो. रंगीत कागदही नको, कारण पुष्कळ स्कॅनर लाल प्रकाश वापरतात, त्या प्रकाशात निळा किंवा हिरवा कागद काळपट दिसतो आणि लाल रंगात छापलेल्या रेघा जवळजवळ नाहीशाच होतात. साधा कागद चिकटवताना चारही कडांना टेप लावा, बारकोडवरून टेप नेऊ नका, सुरकुती पडली किंवा चमकली की स्कॅन होत नाही. पावसाळ्यात मात्र पारदर्शक पाऊच वापरलेलं बरं.

पार्सलं रोजची झाली की थर्मल प्रिंटरकडे वळावंसं वाटतं आणि ते रास्तच आहे, शाई नाही, टोनर नाही. कागदावरच रसायनाचा थर असतो, प्रिंटरच्या हेडची उष्णता लागली की तो काळा होतो. नखाने जोरात ओरखडा काढून बघा, काळी रेघ उमटली तर समजा ती थर्मलची छापायची बाजू. पण जो कागद उष्णतेने काळा होतो तो गाडीच्या तापलेल्या टपाखाली किंवा उन्हात पडून राहिला तर सगळाच काळवंडू शकतो, उलट तेल, सॅनिटायझर किंवा मऊ पीव्हीसीचा पाऊच लागला तर छपाई फिकी पडते. म्हणजे साध्या कागदाला जो पाऊच वाचवतो तोच थर्मलला मारू शकतो, हे नीट लक्षात ठेवा. लांबच्या प्रवासाला टॉप कोटिंग असलेला थर्मल रोल घ्या, त्याला वरून संरक्षक थर असतो. बिस्फेनॉल ए, म्हणजे थर्मल कागदाच्या थरात वापरलं जाणारं आणि आरोग्याला अपायकारक मानलं जाणारं रसायन, नसलेला मिळाला तर अजून चांगलं, युरोपियन युनियनने २०२० पासून थर्मल कागदात हे रसायन वजनाच्या ०.०२ टक्क्यांपेक्षा कमी असलं पाहिजे असा नियमच केलाय, आणि रोज शेकडो लेबलं हाताळणाऱ्याने तर याचा विचार करायलाच हवा.

मापाचं थोडक्यात सांगतो. लेबल बहुधा ४ बाय ६ इंच असतं, म्हणजे साधारण १०२ बाय १५२ मिलिमीटर, आणि ए६ कागद १०५ बाय १४८, म्हणजे उंचीला थोडा कमीच. 'फिट टू पेज' दाबलं की रेघा बारीक होतात, तेव्हा आकार १०० टक्केच ठेवा आणि बारकोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा कापू नका, स्कॅनरला सुरुवात आणि शेवट तिथूनच कळतो.

राहिला गोंद. खोक्यावरची धूळ पुसा, जुना बारकोड असेल तर तो काढा किंवा झाका, लेबल सपाट बाजूवर लावा, कडेवरून दुमडू नका, आणि लावल्यावर तळहाताने मधून बाहेर नीट दाबा. कायमचा म्हणून विकतात तो गोंदही पूर्ण पकडायला काही तास घेतो, त्यामुळे कुरिअरवाला दारात उभा असताना लेबल लावण्यापेक्षा आदल्या रात्री लावून ठेवलेलं केव्हाही चांगलं.