कोर्टाच्या पायरीअलीकडची वकिली

(रत्नागिरीत विधी शाखेच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रहो,

निकाल लागला की घरी, वाडीत, गावच्या देवळात तुम्हांला एकच प्रश्न विचारला जाईल : "मग, कोर्टात कधीपासून उभे राहणार?" मी स्वतः गेली तीस वर्षे याच जिल्ह्यातल्या कोर्टांत उभा राहतो आहे. तरीही आज मला सांगायचे आहे ते असे की, कोकणाला कायदा शिकलेल्या माणसांची जी गरज आहे, तिचा मोठा भाग कोर्टाची पायरी चढण्याच्या आधीचा आहे, आणि नेमकी त्याच कामाला माणसे मिळत नाहीत.

कायद्याची पदवी घेऊन वेगळ्या वाटेने जाण्याची परंपरा आपल्या मातीत जुनी आहे. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १८७९ साली एलएल.बी. झाले, पण वकिलीकडे न वळता ते शिक्षणाकडे आणि वृत्तपत्रांकडे गेले. चिपळूणजवळच्या परशुराम परिसरात जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी मुंबई उच्च न्यायालयातील वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंडांचे काम पुरे केले, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पक्षकारांचे खटले चालवलेच, पण १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती, म्हणजे खोतांमार्फत कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयकही मांडले. खोती पुढे १९४९ च्या कायद्याने गेली. मला हे शेवटचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटते, कारण एकेका कुळाचा दावा लढवत बसण्यापेक्षा त्या दाव्यांचे मूळच उपटणारा मसुदा लिहिणे, हेही वकिलाचेच काम आहे हे त्यातून दिसते. कायद्याचे मसुदे लिहिणारी माणसे मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाला आजही लागतात.

आता जमिनीकडे येतो, कारण आपल्याकडे सगळे शेवटी जमिनीवर येऊन थांबते. तुमच्यापुढे एक सातबारा ठेवला आहे असे समजा. क्षेत्र चौदा गुंठे, त्यावर आंब्याची काही कलमे, आणि कब्जेदार म्हणून एकतीस नावे. त्यांतले काही मयत, काही मुंबईला, कोणी परदेशात. बहिणींची नावे "इतर हक्कात" वारस म्हणून लिहिलेली. ही जमीन एका चाकरमान्याला विकत घ्यायची आहे. चालू सातबारा वाचून कोणालाही मत देता येते, पण ते मत टिकत नाही. त्यासाठी सातबाऱ्यावर नोंदलेल्या प्रत्येक फेरफाराची, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीची, नक्कल काढावी लागते, दुय्यम निबंधकाकडे किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा लागतो. जमीन कुळकायद्याच्या ३२-ग खाली (कसणाऱ्या कुळाला विकत) मिळालेली असेल तर कलम ४३ ची, परवानगीवाचून न विकण्याची, अट पाहावी लागते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या त्या खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून अशी जमीन विकता येते, हे कित्येक शेतकऱ्यांना अजूनही कोणी सांगितलेले नाही. शिवाय घेणारा शेतकरी आहे की नाही, हे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई करणाऱ्या कलम ६३ मुळे आधीच तपासावे लागते.

यात मी स्वतः चुकलो आहे. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका बागेचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या तपासणीचा अहवाल) मी चालू सातबारा आणि निबंधकाकडची दस्तांची सूची पाहून दिला. वारसाचा जुना फेरफार उघडलाच नाही. त्यात दोन बहिणींची नावे होती. खरेदीखत झाल्यावर दोन वर्षांनी त्यांनी वाटपाचा दावा लावला आणि तो अकरा वर्षे चालला. घेणाऱ्याची बाग त्या अकरा वर्षांत राखणीवाचून गेली, बहिणींनाही हक्काचे काही वेळेवर मिळाले नाही, आणि या सगळ्याला माझा अर्ध्या दिवसाचा कंटाळा कारण झाला. म्हणून तुम्हांला आग्रहाने सांगतो की ज्याला जुने फेरफार धीराने वाचता येतात, आणि ज्याने मोडी शिकून घेतली आहे, त्याला या किनाऱ्यावर काम शोधावे लागणार नाही.

नोकरीच्या वाटा तुम्हांला ठाऊक आहेत, त्यामुळे थोडक्यात सांगतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे, आणि ती वर्षे तात्पुरत्या सनदेपासून (वकिलीच्या परवान्यापासून) मोजली जातात. त्याखेरीज सहायक सरकारी अभियोक्ता आहे, बँकांतला विधी अधिकारी आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर सनद स्थगित ठेवावी लागते, हे विसरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाकडे मात्र मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीचा बचाव तिथे पूर्णवेळ नेमलेले वकील करतात. फौजदारी काम शिकायला याहून चांगली जागा मला दिसत नाही.

समुद्राकडे आपण वकील मंडळींनी फारसे पाहिलेच नाही. दापोली, गुहागर, खेडची किती मुले जहाजावर आहेत हे तुम्ही जाणता. करार इंग्रजीत असतो आणि मुलगा तो सही करण्यापुरता उघडतो. भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, पगार कोणत्या तारखेपासून सुरू होतो, परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा, हे सहीपूर्वी पाहणारा माणूस त्याच्या गावात नसतो. पगार बुडाला तर २०१७ च्या नौअधिकारिता कायद्याने खलाशाच्या वेतनाला जहाजावरच्या सागरी दाव्यांत पहिला मान दिला आहे, पण ते कळेपर्यंत अनेकदा जहाज बंदर सोडून गेलेले असते.

तसाच हापूस. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. परंतु मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप वापरता येते असे नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याची नोंदणी व्हावी लागते. बाहेरचा आंबा आपल्या नावाच्या पेटीतून विकला जातो तेव्हा तक्रार कोणी करायची, हा प्रश्न या नोंदणीपाशी येऊन अडतो. हे अर्ज भरणारा, पेटीवरच्या मजकुरापासून निर्यातीच्या करारापर्यंत पाहणारा पदवीधर बागायतदार संघाला हवा आहे. मासेमारीतल्या पर्ससीनच्या (मोठ्या वेढा जाळ्यांच्या) वादांत आणि किनारा नियमनाच्या अटींमुळे अडलेल्या घरबांधणीतही हीच उणीव मला दिसते.

कोर्टात जाणाऱ्यांसाठी एक मोठा बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले. पूर्वी अपिलासाठी पक्षकाराला मुंबई गाठावी लागे. आता आंबा घाट चढला की काम होते. तिथे अपिले चालवणारे तरुण लागतीलच, परंतु त्यांच्या हातात जी कागदपत्रे पडतील ती इथल्या तालुक्यातच नीट लावलेली असली पाहिजेत.

तुमच्यापैकी ज्यांना फेरफार वाचायला शिकायचे आहे, त्यांनी शनिवारी दुपारी माझ्या ऑफिसात यावे. येताना स्वतःच्या घराचा सातबारा आणि त्यावर लिहिलेल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून काढून आणा. आपण तिथूनच सुरुवात करू.